लायसनाची गावपळण

मालवण तालुक्यातल्या आचऱ्याची गावपळण पाहिलेला माणूस आमच्या लोकांना बेशिस्त म्हणणार नाही. रामेश्वराचा कौल झाला की अख्खा गाव गुराढोरांसकट, कोंबड्या-कुत्र्यांसकट वेशीबाहेर झोपड्या घालून राहतो. तीन दिवस, तीन रात्री. परतायचं तेही देवाने कौल दिला तरच. 'विळी विसरली, पटकन घेऊन येतो' असं कुणी म्हणत नाही.

त्याच माणसाचं लायसन तीन महिने निलंबित होऊ द्या. दुसऱ्या सकाळी स्वारी मासळीबाजारात, स्कूटरवर. हटकलं तर, "लायसन खिशात आसा मां!" आसा, पण ते आता नुसतं कार्ड. पोलिसाच्या हातातल्या यंत्राला सगळं कळतं.

निलंबनाचं कारणही बहुधा साधंच असतं. हेल्मेट डोक्याऐवजी आरशाला अडकवलं, तर एक हजार रुपये दंड आणि तीन महिने अपात्र. पुढचा प्रकार महाग. अपात्र असताना गाडी चालवली तर मोटार वाहन कायद्याचं कलम 182 लागतं: तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दहा हजार दंड, किंवा दोन्ही. 2019च्या दुरुस्तीआधी हा दंड फार तर पाचशे होता. आमच्याकडचा हिशेब अजून त्या पाचशेवरच थांबलेला आहे.

मग बचाव काय? 'आवशीचा औषध आणूक गेललंय' ऐकून न्यायाधीश फार तर शिक्षा हलकी करतील. वकील मात्र आधी कागद मागतो. आरटीओने कलम 19खाली लायसन काढून घ्यायचं तर आधी माणसाचं म्हणणं ऐकावं लागतं. कायद्यालाही गाऱ्हाणं चुकत नाही. आदेश पटला नाही तर तीस दिवसांत अपील आहे. आता चतुर्थीला आलेला चाकरमानी घ्या. लायसनावर पत्ता परळच्या चाळीचा. नोटीस तिकडे, हा इकडे माटवीचं सामान आणायला गाडीवर. आदेश हाती पडलाच नाही, असं दाखवता आलं तर वकिलाला बोलायला जागा मिळते. कोर्टानेच समोर उभं करून अपात्र ठरवलं असेल, तर हे सोंग दशावतारातसुद्धा खपायचं नाही.

आमच्या ओळखीचे एक गृहस्थ लायसन जमा करायला ओरोसला निघाले, तेही स्वतःच्याच स्कूटरवरून! बायकोने किल्ली काढून घेतली. तिचं लायसन चालू होतं. दोघांनी हेल्मेटं घातली, ती पुढे बसली, हे मागे. कसालपर्यंत "ब्रेक मार गे, ब्रेक मार!" एवढंच चाललं होतं. मागे बसून गाडी चालवण्याला अजून कलम नाही.