सोलो लडाख : स्वरूप व व्याप्ती

पुण्या-मुंबईच्या नोकरदाराने मोटरसायकलवर एकट्याने लेहला जाऊन येणे या उपक्रमाची तयारी साधारण फेब्रुवारीत सुरू होते आणि तिला बरीच माणसे लागतात. साहेबांकडून रजा, आईकडून परवानगी आणि बायकोकडून मौन मिळवावे लागते. पैकी तिसरे सर्वांत महाग पडते. मेकॅनिक क्लच वायर, ब्रेक वायर, प्लग आणि ट्यूब एका पिशवीत बांधून देतो व त्या कशा बसवायच्या तेही दाखवतो. पिशवी लडाखला जाते, दाखवलेले गॅरेजमध्येच राहते. मग घरच्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लाइव्ह लोकेशन सुरू होते आणि एकांताच्या शोधात निघालेला स्वार मावशीच्या ‘वापीला एवढा वेळ का थांबलायस?’ या प्रश्नाला उत्तर देत गुजरातेत पुढे सरकतो.

वाहन बहुधा रॉयल एनफिल्डचे असते. लष्कराला सीमेवरच्या गस्तीसाठी बुलेट हव्या होत्या, त्या मागणीतून १९५५ साली मद्रासमध्ये एनफिल्ड इंडिया उभी राहिली. २०१६ साली कंपनीने ‘हिमालयन’ नावाचीच गाडी आणली. ती घेतलेले बरेच लोक वर्षाचे अकरा महिने ती सिंहगड रोडवर चालवतात. तेथील खड्डे पाहता त्यांची निवड चुकली असे म्हणता येत नाही.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी असल्यामुळे पुणेकराची हिमालयावरील स्वारी प्रथम लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानांपुढे अडते. पुढे राष्ट्रीय महामार्ग ४८ वापी, सुरत, बडोदा, अहमदाबाद करीत उदयपूरकडे नेतो. राष्ट्रीय महामार्गावर दुचाकीला टोल नाही. टोलनाक्याच्या कडेच्या चिंचोळ्या पट्टीतून म्हशी आणि सायकली यांच्यासोबत फुकट जाता येते, ही शासनाने या साहसाला दिलेली एकमेव सवलत. गुजरातचा रस्ता सरळ व बरा असल्याने त्याचे वर्णन कोणी करीत नाही.

या उपक्रमाचा एक रेल्वेमार्गीय पोटप्रकारही आहे. त्यात गाडी पार्सल ऑफिसात नेतात, आरसी बुकाची प्रत देतात, टाकीतले पेट्रोल काढून टाकतात. पॅकिंगवाला तिला गोणपाटात गुंडाळतो आणि हमाल ती ब्रेकव्हॅनमध्ये चढवतात. स्वार वरच्या बर्थवर चढतो. गुजरात, राजस्थान व हरियाणा ही राज्ये अशा वेळी झोपेत पार पडतात, तरी गाडीच्या पेटीवर त्यांचे स्टिकर लागतातच. एकूण राज्यांचा आकडा लडाख धरून सात सांगण्याची प्रथा आहे. लडाख हा ३१ ऑक्टोबर २०१९ पासून केंद्रशासित प्रदेश आहे, पण स्टिकर छापणाऱ्यापर्यंत ते पोहोचलेले नाही.

जे खरोखर रस्त्याने जातात त्यांना राजस्थानात थोडी वाकडी वाट करून पाली-जोधपूर रस्त्यावरचे ओम बन्नांचे स्थान पाहता येते. ओमसिंह राठोड यांचा तेथे अपघाती मृत्यू झाला. पोलिसांनी त्यांची बुलेट ठाण्यात नेली, ती रात्रीतून आपली आपण अपघाताच्या जागी परत आली. टाकी रिकामी करून साखळीने बांधली तरी परत आली, अशी तेथील श्रद्धा आहे. आज ती बुलेट काचेआड असते. तिला हार, अगरबत्ती आणि दारू वाहतात, आणि जाणारा-येणारा वाहनचालक सुखरूप पोहोचण्यासाठी हात जोडतो. मोटरसायकलच्या निखळ एकट्या प्रवासाची परंपरेतली नोंद शोधायची तर ती हीच: स्वार नाही, सामान नाही, पेट्रोलही नाही. बाकीच्या सर्व प्रवासांत माणूस असल्यामुळे गर्दी होते.

मनालीत हँडलला निळ्या, पांढऱ्या, लाल, हिरव्या व पिवळ्या रंगांच्या बौद्ध प्रार्थनापताका बांधल्या जातात. त्या परतल्यावरही काढत नाहीत. फर्ग्युसन रस्त्यावर विटलेल्या पताकांची गाडी दिसली की मालक जाऊन आला हे न विचारता कळते, आणि विचारले तर फार वेळ जातो. मनालीपुढे पूर्वी रोहतांग खिंड चढावी लागे. ३ ऑक्टोबर २०२० रोजी ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा खुला झाला व लेहचे अंतर सुमारे ४६ किलोमीटरने घटले. हिवाळ्यात कित्येक महिने जगापासून तुटणाऱ्या लाहौलच्या लोकांना याचा आनंद झाला. रुग्णाला आता बाराही महिने मनालीला नेता येते. स्वारांच्या वर्तुळात मात्र बोगद्याने ‘मजा घालवली’ असे मत आहे.

बोगद्यापुढे टांडीच्या पंपावर ‘पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर’ अशा अर्थाची प्रसिद्ध पाटी आहे. तिच्यापुढे फोटो काढायला रांग असते, पेट्रोलला तुलनेने कमी. येथून बारालाचा ला (‘ला’ म्हणजे खिंड), गाटा लूप्सची एकवीस वळणे आणि सुमारे ५,३०० मीटर उंचीचा तंगलंग ला पार करावा लागतो. इतक्या उंचीवर समुद्रसपाटीच्या निम्माच प्राणवायू मिळतो. डोके ठणकते, भूक मरते, आणि जो बोलतो तो दमतो. स्वारांना गप्प बसवणारा हा देशातला एकमेव रस्ता असावा.

वाटेतले नाले बर्फ वितळून भरतात, म्हणून सकाळी उथळ असतात आणि दुपारनंतर चढतात. स्वार सकाळी फोटो काढत असल्यामुळे नाल्यावर दुपारी पोहोचतो. गाडी मध्यावर बंद पडते, बुटात पाणी जाते आणि काठावरून दोन-तीन माणसे उतरून ती ढकलून बाहेर काढतात. ती बहुधा सीमा रस्ते संघटनेच्या कामावरचे मजूर असतात. १९६० साली स्थापन झालेली ही संघटना हे रस्ते राखते, आणि तिचे कितीतरी मजूर झारखंडच्या दुमका भागातून येतात. दरड कोसळली की दगड हलवणे, बर्फ काढणे, वाहून गेलेला तुकडा पुन्हा भरणे ही कामे ते करतात. येताना तेही अनेक राज्ये ओलांडतात, पण टोळीने येत असल्यामुळे त्यात साहस धरले जात नाही. हेल्मेटवरच्या कॅमेऱ्यात ढकलणारे हात नोंदले जातात; अंतिम व्हिडिओत नाल्याचा अलीकडचा काठ आणि लगेच पलीकडचा काठ दिसतो.

लडाखमध्ये बाहेरचे प्रीपेड सिम चालत नाही. लाइव्ह लोकेशन थांबते, मावशी घाबरते, आणि प्रवासात पहिल्यांदाच खरा एकटेपणा येतो. तो फार वेळ सोसत नाही. स्वार ढाब्यावर एखादा पोस्टपेडवाला गाठतो.

लेहहून खारदुंग ला हा नेमाचा भाग. तेथील पाटीने वर्षानुवर्षे १८,३८० फूट ही उंची मिरवली. प्रत्यक्ष मोजणीत ती ५,३५९ मीटर, म्हणजे सुमारे १७,५८२ फूट भरते. मधले आठशे फूट दिवाणखान्यातील फ्रेममध्ये अद्याप शाबूत आहेत. २०२१ साली १९,०२४ फुटांवरच्या उमलिंग ला रस्त्याची विक्रम म्हणून नोंद झाली, तेव्हा ‘जगातल्या सर्वांत उंच रस्त्यावर’ जाऊन आलेल्यांचा एक सबंध वर्ग बसल्या जागी खाली घसरला. खारदुंग लावर पोहोचताच आणखी एक अडचण येते. दादर-डोंबिवलीहून विमानाने आलेल्या सहलीतले ज्येष्ठ नागरिक टेम्पो ट्रॅव्हलरमधून उतरून तेथे आधीच चहा पीत असतात, आणि त्यांतल्या एक काकू स्वाराला विचारतात, ‘एकटाच आलास? कोणी मिळालं नाही का?’

पँगाँग सरोवर २००९ च्या ‘थ्री इडियट्स’ चित्रपटापासून प्रसिद्ध आहे. काठावर त्यातल्यासारखी पिवळी स्कूटर फोटोसाठी पैसे घेऊन मिळते. स्वतःची गाडी कित्येक राज्ये ओलांडून आणलेला स्वार तिच्यावर बसतो.

परतीच्या प्रवासाबद्दल साहित्य उपलब्ध नाही. पाठदुखीमुळे नोंदी कमी असाव्यात. परतल्यावर स्वतःचा शोध लागल्याचे सांगितले जाते, तो कोणत्या किलोमीटरच्या दगडापाशी लागला ते मात्र कोणी सांगत नाही. इच्छुकांनी जून ते सप्टेंबरमध्ये जावे, पोस्टपेड सिम घ्यावे, नाले सकाळी ओलांडावेत आणि व्हिडिओ जोडताना ढकलणारे कापू नयेत.