व्यवस्थित

आमचे जावई 'बघू या' म्हणाले की ती गोष्ट घरात येणार हे नक्की. कधी येणार, ते मात्र ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. मध्ये अभ्यास असतो. कुकर घ्यायचा तर अभ्यास, गादी घ्यायची तर अभ्यास. आमची मुलगी पाहायला आले तेव्हाही पोह्यांची बशी हातात धरून त्यांनी मला पाच प्रश्न विचारले होते, आणि त्यातले दोन आमच्या गच्चीवरच्या टाकीबद्दल होते.

ही जात पुण्या-ठाण्याच्या प्रत्येक सोसायटीत एकेक सापडते. लिफ्टच्या करारातली आठव्या पानावरची ओळ यांनाच पाठ असते. विलायतेत गेल्यावर तर तिला हवा फारच मानवते.

मे महिन्यात आम्ही दोघं सहा महिन्यांच्या व्हिसावर रेडिंगला पोचलो, तेव्हा नातीने हेजहॉगचा हट्ट धरून आठवडा झाला होता. जावई म्हणाले, "आणू. पण व्यवस्थित आणू."

हिने विचारलं, "म्हणजे साळिंदर?"

जावयांनी लॅपटॉप उघडला. "नाही आई. साळिंदर कुरतडणारं, उंदराच्या गोतावळ्यातलं. हेजहॉग त्यातला नाही. तो चिचुंद्रीच्या जवळचा."

हिचा चेहरा पाहण्यासारखा झाला. केरसुणी घेऊन चिचुंद्र्यांमागे धावण्यात जिचा संसार गेला, तिच्या लेकीच्या घरी चिचुंद्रीचा भाऊबंद पौंड मोजून येणार होता. बरं, तिथल्या बागेत हिंडतो तो हेजहॉग हा नव्हे. त्याला १९८१च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, तो पाळायचा नाही. हा आफ्रिकेतला पिग्मी. ओंजळीत मावणारा, वजन अर्ध्या किलोच्या आतबाहेर, मागच्या पायाला बोटं चारच. ही बोटं जावयांनी आम्हाला तीनदा सांगितली. चौथ्यांदा मीच त्यांना सांगितली.

मग फाईल उघडली. तिच्यात घर, उष्णता, चाक, आहार, डॉक्टर असे कप्पे होते आणि 'इतर' नावाचा एक, जो सगळ्यांत मोठा होता. चार फूट बाय दोन फुटांची लाकडी पेटी सुट्या फळ्यांत आली. ती जोडून झाल्यावर जावयांनी तिच्यावर गवंड्याची पाणसळ ठेवली. एका कोपऱ्याखाली पुठ्ठ्याची घडी घातली, परत पाणसळ ठेवली. प्राणी चार बोटांचा, पण जमीन समतल हवी. चाक तारांचं नको, पाय अडकतो. भरीव पृष्ठभागाचं, तीस सेंटिमीटर व्यासाचं हवं. तीन मागवली, कानाशी धरून फिरवून पाहिली, दोन परत गेली. पेटीत देवदाराचा भुसा नको, त्याच्या वासाने श्वासाला त्रास होतो. म्हणून लोकरीसारख्या मऊ कापडाच्या घड्या आणल्या आणि त्या बिनवासाच्या साबणात धुतल्या. माझी बंडी त्याच आठवड्यात दोनदा धुवायची राहिली, पण तो विषय वेगळा.

छताला दिवा बसला, म्हणजे दिव्यासारखा दिसणारा पण उजेड न देणारा चिनी मातीचा हीटर. त्याला जाळी, थर्मोस्टॅट, आत एक तापमापक, बाहेर एक. आत सतत पंचवीस अंश. या प्राण्याला गारठा सोसत नाही. थंडीत सुस्तावून झोपू पाहतो, पण तशी झोप त्याच्या शरीराला पेलत नाही आणि जिवावर बेततं. हे मला पूर्ण पटलं. माझ्या शरीराचंही साधारण असंच आहे. पण घरातलं हीटिंग जावयांनी अभ्यासाअंती अठरावर ठेवलेलं होतं.

पेटी दीड महिना रिकामीच तापत होती. चाचणी म्हणे. नातीने कंटाळून एका बटाट्याला टूथपिक टोचले, लवंगांचे डोळे लावले आणि तो आत ठेवला. पंधरा दिवसांत बटाट्याला कोंब फुटले. जावयांनी ते बारकाईने पाहिले आणि 'उष्णता सर्वत्र समान' अशी नोंद केली.

ऑक्टोबरात बटाट्याने जागा खाली केली आणि खरा हेजहॉग आला. त्याला माणसाचा वास ओळखीचा व्हावा म्हणून अंगावरचा टी-शर्ट पेटीत ठेवतात. जावयांनी ठेवला, धुऊन, इस्त्री करून. लेकीने तो मुकाट्याने काढला आणि आदल्या दिवशीचा टाकला. मांजराच्या कोरड्या खाण्याची बरणी आली, फ्रिजमध्ये कोथिंबिरीशेजारी जिवंत अळ्यांचा डबा आला. त्या दिवसापासून ही कोथिंबिरीवाचून स्वयंपाक करू लागली.

मी सहज हात पुढे केला, तर त्या बोटभर नाकाने माझी बोटं हुंगली, चाटली, आणि एकाएकी तोंडाला फेस! मान पार पाठीकडे वळवून तो ती फेसाळ थुंकी जिभेने स्वतःच्या काट्यांना फासू लागला. "गेला!" ही ओरडली. जावयांचा आवाज मात्र शांत होता. "नवा वास आला की करतात असं. 'इतर'मध्ये आहे. बाबा, हाताला काय होतं?"

"अमृतांजन."

त्यांनी लिहून घेतलं.

रात्री अकराला चाक सुरू व्हायचं ते पहाटेपर्यंत. पेटी आमच्याच खोलीत होती, कारण घरभर मोजल्यावर कमी वारा तिथेच लागतो असं निघालं होतं. चाकाला सायकलचं मीटर लावलेलं. सकाळी चहाच्या आधी आकडा वाचला जाई: साडेपाच किलोमीटर. मला डॉक्टरांनी तीन सांगितलेत. जावई माझ्याकडे नुसतं बघायचे.

नोव्हेंबर लागला तशी मी खुर्ची पेटीला चिकटवली. स्वेटर, मफलर, मांडीवर पुस्तक आणि पाठीला आफ्रिका. सहा महिन्यांत त्या घरात मला पहिल्यांदाच ऊब मिळाली. चार दिवसांनी जावई तक्ता घेऊन आले. मी बसतो त्या वेळात पेटीबाहेरचं तापमान अर्धा अंश चढतं, हीटर कमी वेळा लागतो.

ते बराच वेळ तक्त्याकडे पाहत राहिले. मग या सहा महिन्यांत पहिल्यांदाच त्यांनी आपुलकीने विचारलं, "बाबा, तुमची तिकिटं किती तारखेची आहेत?"