राउटर टेबल बांधणारा गृहस्थ

राउटर म्हणजे लाकडात खाच पाडणारे, कडा गोल करणारे विजेचे यंत्र. वायफायचा डबा नव्हे. त्यातले पाते मिनिटाला दहा ते तीस हजार फेरे घेते. हे यंत्र हातात धरून लाकडावर फिरवता येते. नाहीतर टेबलाखाली उलटे टांगायचे, पाते भोकातून वर काढायचे आणि लाकूडच त्याला भिडवून सरकवायचे. या दुसऱ्या सोयीला राउटर टेबल म्हणतात. ते बाजारात तयार मिळते. तयार मिळते हे ऐकून ज्याचा चेहरा पडतो, तो गृहस्थ सर्वांच्या ओळखीचा आहे.

तो बहुतेक सोसायट्यांत एक असतो, पिंपरी-चिंचवडकडे जरा जास्त. टूलरूममधून निवृत्त झालेला, साठी ओलांडलेला, आणि शर्टाच्या खिशातून चार बोटे वर डोकावणारा डिजिटल व्हर्नियर. मोजायला लाकूडच पाहिजे अशी त्याची अट नसते. पाहुण्यांपुढच्या बिस्किटाची जाडी, लिफ्टच्या दारातली फट, साखरपुड्यातला पेढा, काहीही चालते. एकदा ताटातल्या पोळ्या मोजून ‘१.९० ते २.३५, फरक जास्त आहे’ असा अहवाल त्याने दिला. त्यानंतर आठवडाभर त्या घरात खिचडी झाली. खिचडीला व्हर्नियर लावता येत नाही.

टेबलाचे मूळ बहुधा घरातच असते. ‘अहो, देव्हाऱ्याला एक खण करून द्या, वाती-कापूर ठेवायला,’ एवढीच मागणी. कोणताही मिस्त्री हे काम एका दुपारी करील. पण खणाला खाच हवी, खाचेला राउटर हवा, आणि राउटरला टेबल हवे. खणाचा विषय इथे संपतो तो वर्षभरासाठी.

पहिले काम वरच्या फळीचे. १८ मिलिमीटरच्या दोन प्लाय एकमेकींवर चिकटवायच्या आणि वरून-खालून दोन्हीकडे सनमायका लावायचा. एकाच बाजूला लावला तर फळी पुढेमागे वाकते. प्लायच्या दुकानात व्हर्नियर बाहेर येतो. ‘शिक्का अठराचा, माल १७.४०चा.’ दुकानदार म्हणतो, ‘काका, एवढं चालतं.’ टूलरूममध्ये पस्तीस वर्षे काढलेल्या माणसासमोर ‘चालतं’ म्हणू नये, हे त्या बिचाऱ्याला ठाऊक नसते. तेवढ्यात बाकीची गिऱ्हाइकेही आपापली प्लाय पुढे करतात. मग काकांना आत एसीत बसवून चहा मागवला जातो.

फळीच्या मध्यावर चौकोनी खड्डा घेऊन त्यात हायलमच्या कडक तक्त्याची किंवा अ‍ॅल्युमिनियमची पट्टी बसवतात आणि तिच्याखाली राउटर टांगतात. पट्टी फळीच्या अगदी पातळीत हवी. केसभर वरखाली झाली तरी सरकणारे लाकूड कडेला अडकते, म्हणून चार कोपऱ्यांत चार स्क्रू ठेवून ती उचलायची सोय करतात. अख्ख्या टेबलात व्हर्नियरचा हट्ट जिथे खरोखर कामाचा, ती ही जागा. हे काम तो दहा मिनिटांत उरकतो.

पाते वरखाली करायला तयार यंत्रणा मिळते, पण ती महाग. त्यावर घरगुती तोड म्हणजे मोटारीचा कात्रीसारखा उघडणारा जॅक. तो राउटरखाली बसवला की हँडल फिरवून हवी ती उंची मिळते. युक्ती उत्तमच आहे. तिचा दोष खंबाटकी घाटात, मागचे चाक पंक्चर झाल्यावर, डिकी उघडताना कळतो. असल्या प्रवासातही व्हर्नियर मात्र बरोबर असतो. टायरात घुसलेल्या खिळ्याचा व्यास ताबडतोब समजतो.

आता फेन्स, म्हणजे लाकूड टेकवून सरकवायची उभी पट्टी. चक्री करवतीवर ही पट्टी पात्याला समांतर असावीच लागते. नाहीतर लाकूड आवळते आणि मागे उसळते. राउटरचे पाते गोल, एका जागी फिरणारे. त्याला पट्टी तिरपी की सरळ याचे सोयरसुतक नसते. पात्यापासूनचे अंतर तेवढे पाहायचे. म्हणून पट्टीचे एक टोक बोल्टने अडकवून दुसरे नुसते सरकवले तरी काम चोख होते. पट्टी फळीशी काटकोनात उभी राहिली की झाले.

हे सगळे त्याला माहीत असते. दुसऱ्यांना तो ते कागदावर आकृती काढून समजावतोसुद्धा. तरीही तो पट्टीची दोन्ही टोके फळीच्या कडेपासून मोजतो. फरक ०.०४. बोल्ट सैल, हलकी टिचकी, बोल्ट घट्ट. ०.०३. पुन्हा सैल. ०.०५. मध्येच व्हर्नियरचा सेल संपतो, तेव्हा नातवाच्या गाणाऱ्या बदकातला सेल निघतो. बदक गप्प होते, नातू रडतो. फरक ०.०२ वर येतो, आणि त्या रात्री काकांना शांत झोप लागते.

या हट्टाची जन्मकथा टूलरूममध्ये आहे. तिथे डायमधले, म्हणजे पत्रा कापायच्या साच्यातले, शतांश खरे होते. दोन शतांश इकडचे तिकडे झाले की पत्र्याच्या कडेला बर, म्हणजे बोचरी कोर, येई आणि शेकडो नग भंगारात जात. ‘तुम्ही बघा आणि मग पाठवा,’ असे साहेब म्हणत. पुढे मोजणारे संगणकी यंत्र आले, वातानुकूलित खोलीत बसले, आणि त्याच्या हातचे माप कुणी विचारीनासे झाले. शेवटची काही वर्षे तो यंत्राने काढलेल्या कागदावर सही करीत असे.

टेबल वापरण्याचे नियम थोडे आहेत, पण त्यांत सूट नाही. पट्टीपुढे उभे राहून लाकूड उजवीकडून डावीकडे सरकवायचे. उलट सरकवले तर पाते ते हिसकावून फेकते. पट्टी आणि पाते यांच्या मधून लाकूड कधीही घालायचे नाही. मोठे पाते कमी वेगाने चालवायचे. सैल झब्बा नको, डोळ्यांना चष्मा हवा, एमडीएफ असेल तर नाकाला मास्क हवाच. हे सांगताना त्याचा आवाज बदलतो. प्रेसवर बोटे गेलेले सोबती त्याने पाहिलेले असतात. पार्किंगमधल्या टेबलाभोवती त्याने पिवळी रेघ मारलेली असते. नातवाने तिच्या आत यायचे नाही. सोसायटीतली बाकीची पोरे रेघेबाहेर ओळीने बसून बघतात, आणि त्यांना तो एकही प्रश्न परत विचारायला लावत नाही.

अखेर खण होतो, तोही साधा नव्हे. मागितला एक, झाले दोन, शेजारीशेजारी, सागवानी. एक आत ढकलला की कोंडलेल्या हवेने दुसरा आपोआप बोटभर बाहेर येतो, इतके नेमके बसलेले. शेजारीपाजारी मुद्दाम बघायला येतात. खण ढकलून दाखवण्याचे काम मात्र काकू कुणाला करू देत नाहीत, स्वतः करतात.

हे एप्रिलमध्ये. आषाढात दोन्ही खण अडकतात, आत कापूर आणि काडेपेटी. लाकूड लांबीत फारसे वाढत नाही, पण दमट हवेत रुंदीत फुगते. चार इंचांच्या फळीला पाऊण मिलिमीटर सहज. शेवटी गल्लीतल्या मिस्त्रीला बोलवावे लागते. तो दोन हात रंधा मारतो, खण सुटतात.

‘काका, पावसाची जागा सोडायची असते.’

‘किती?’

‘अर्धं सूत.’

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. काका वही काढतात आणि मिस्त्रीदेखत लिहून घेतात: पावसाची जागा, १.५९.