ग्रॅम-पंचायत

सायकलवरून कमीत कमी सामानात लांब जाणाऱ्यांचा एक पंथ आहे. या पंथात मांसाहार चालतो, मद्यपान चालतं, सायकलला कॅरियर मात्र चालत नाही. सामान पिशव्यांत कोंबायचं, त्या सीटखाली, हॅण्डलपुढे आणि सायकलच्या त्रिकोणात आवळून बांधायच्या. जे मावणार नाही ते आपलं नव्हतंच, असं समजायचं. आमच्या कंपूतले एक ज्येष्ठ टूथब्रशचा दांडा अर्धा कापतात, टीशर्टची लेबलं उसवतात आणि नकाशाचा समास कातरून टाकतात. त्यांच्या पोटाचा विषय मात्र त्यांच्यासमोर कोणी काढत नाही. तिथे कापण्यासारखा सात-आठ किलोंचा ऐवज सहज निघेल, पण त्याला ते ‘राखीव इंधन’ म्हणतात.

थरच्या वाळवंटात जायचं ठरल्यावर या ग्रॅम-पंचायतीपुढे माझ्या सामानाची सुनावणी झाली. स्वयंपाकघरातला वजनकाटा मध्ये ठेवला होता. तंबू नामंजूर, कारण ढाब्यावर बाज मिळते. दुसरी पँट नामंजूर. कंगवा नामंजूर, माझ्या डोक्याकडे एक नजर टाकल्यावर त्यावर चर्चाही झाली नाही. स्लीपिंग बॅग मात्र बऱ्याच खडाजंगीनंतर मंजूर झाली. वाटेतल्या फलोदी गावात मे २०१६ मध्ये ५१ अंश तापमान नोंदलं गेलं होतं, म्हणून आम्ही जानेवारी निवडला होता. आणि जानेवारीत त्याच मुलखात रात्री पारा शून्याशी सलगी करतो. सगळं मिळून सहा किलोंच्या आत बसलं. तेवढ्यात आई शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा घेऊन आली. “राहू दे रे, याला काय वजन आहे!” डब्याला एक किलो दोनशे ग्रॅम वजन होतं. पंचायत एकमतानं छताकडे बघत राहिली.

बिकानेर सोडल्यावर पंथाच्या तत्त्वज्ञानातलं भोक दिसलं. टायटॅनियमचा चमचा मिळतो, कार्बनची सीटपोस्ट मिळते, पण हलकं पाणी अजून कोणत्याही कंपनीनं बाजारात आणलेलं नाही. एक लिटर म्हणजे एक किलो. तिथे पैसे टाकून सवलत मिळत नाही. पुढचं गाव लांब असलं की पाच लिटर भरून घ्यायचं, म्हणजे टूथब्रशच्या कापलेल्या दांड्यांची सात पिढ्यांची बचत एका नळाखाली संपली. शेजारून उंट जात असतो. तो एका बैठकीत शंभरेक लिटर पाणी पितो, ते अंगातच ठेवतो, वर माणूस आणि चारा घेतो आणि आपल्याकडे पापण्या अर्ध्या मिटून बघतो.

वाळवंटात एकांत मिळतो, हीही एक ऐकीव गोष्ट. थर हे जगातल्या सर्वांत दाट वस्तीच्या वाळवंटांपैकी एक आहे आणि याची प्रचीती लघुशंकेला थांबल्यावर येते. चहूकडे क्षितिजापर्यंत फक्त खेजडी आणि रुईची झुडपं. आपण निर्धास्त होतो आणि त्याच क्षणी झुडपाआडून चाळीस शेळ्या आणि त्यांच्यामागून एक पागोटं निघतं. मग उभ्या उभ्या चौकशी. कुठून? एकटेच? सरकार पैसे देतं का? सायकलची किंमत निम्मी करून सांगितली तरी म्हातारबुवांनी हिशोब केला: “इतने में तो ऊँट आ जाता.” आणि एवढं बोलून आपल्या कळशीतलं पाणी माझ्या बाटलीत ओतायला लागले. जिथे पावसाचं पाणी टाक्यात साठवून वर्षभर पुरवतात, तिथे नाही म्हणायचं कसं? बाटली भरली. आणखी एक किलो.

फलोदीजवळच्या खीचनला मात्र खरे गुरू भेटले. तिथे हिवाळ्यात हजारो कांड्या करकोचे उतरतात. राजस्थानात त्यांना कुरजां म्हणतात. मंगोलिया, मध्य आशिया अशा ठिकाणांहून, काही तर हिमालय ओलांडून. अख्ख्या पक्ष्याचं वजन दोन-तीन किलो, त्यात सामान शून्य. गावकरी त्यांच्यासाठी रोज दाणे टाकतात. लांब पल्ल्याच्या हलक्या प्रवासाचं रहस्य सामानात नसून दुसऱ्याच्या कोठारात आहे, हे यांना आपल्या आधी समजलेलं आहे. आमचे ज्येष्ठ त्यांच्याकडे बराच वेळ बघत उभे होते. नंतर ढाब्यावर त्यांनी बाजरीचे पाच सोगरे तुपासकट खाल्ले.

रामदेवऱ्याच्या अलीकडे माझं मागचं चाक बसलं. या भागात वेड्या बाभळीचे काटे आणि सराटे रस्त्यावर फुकट वाटलेले असतात. त्यांच्यासाठीच आमच्या ट्यूबलेस टायरात एक पांढरा द्रव भरलेला असतो. भोक पडलं की तो तिथे जाऊन गोठतो. पण हा ट्रकच्या टायरातून निघालेला तारेचा तुकडा होता. पंक्चरवाल्यानं टायर उचकटला आणि तो द्रव धो धो त्याच्या पायजम्यावर आला. त्यानं बोटाला लावून वास घेतला आणि अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, “टायर में दूध?” पाच मिनिटांत वीसेक माणसं जमली. एका आजोबांना एवढंच हवं होतं: “गाय रो के ऊँटणी रो?” मी रसायनशास्त्र समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि बाकीच्यांना सांगितलं की गाईचं असावं. पंक्चरवाल्यानं आत साधी ट्यूब घातली, तीस रुपये घेतले. ती ट्यूब शेवटपर्यंत टिकली.

तिथल्याच मंदिरात भक्त रामदेवजींना कापडाचा घोडा वाहतात. आमच्या पंथाला शोभेल असं इतकं हलकं वाहन मी दुसरं पाहिलेलं नाही.

पोखरण आलं आणि गेलं. जैसलमेरनंतर रामगढमार्गे तनोट, सव्वाशेक किलोमीटर आणि वारा समोरून. तनोट माता सीमेलगतची. तिथली सगळी व्यवस्था सीमा सुरक्षा दल बघतं. १९६५ च्या युद्धात आसपास पडलेले आणि न फुटलेले बॉम्ब देवळात मांडून ठेवलेत. ज्येष्ठांनी त्यांच्या वजनाची चौकशी केली. दारावरचा जवान सांगलीकडचा निघाला. मराठी ऐकून त्यानं आमच्या बाटल्या न विचारता भरल्या आणि माझी सायकल एका हातानं उचलून म्हणाला, “हलकी हाय की!” भरलेल्या बाटल्यांसकट हे ऐकून मला भरून आलं.

तनोटला इच्छा बोलून रुमाल बांधायची पद्धत आहे. माझ्याजवळ एकच रुमाल होता, पंचायतीनं काट्यावर अठरा ग्रॅम म्हणून मंजूर केलेला. तो बांधला आणि पाठीमागून वारा मागितला. लोंगेवालाच्या रस्त्याला लागताच वाऱ्यानं असं ढकललं की पायडल मारायची आठवण करून घ्यावी लागत होती. आता हिवाळ्यात इथला वारा बऱ्याचदा ईशान्येकडून येतो आणि लोंगेवाला तनोटच्या नैऋत्येला आहे, त्यामुळे यात देवीचा वाटा किती आणि भूगोलाचा किती, हे सांगणं अवघड. पण इच्छा पुरी झाल्यावर रुमाल सोडायला परत यावं लागतं, असं जवानानं बजावून सांगितलं होतं. घरी हे सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, “पोस्टानं नाही का मागवता येणार?”

पंचायतीचं म्हणणं पडलं की पुढच्या वेळी कागदी रुमाल न्यावा.