तीस बाइटचं आडनाव

गणपतीला गावी आलेला चाकरमानी पहिल्या दिवशी देवाला नमस्कार करतो आणि दुसऱ्या दिवसापासून रेंजच्या पाया पडतो. कुडाळजवळच्या आमच्या घरात रेंज मिळण्याची जागा ठरलेली आहे. मागच्या पडवीतल्या खिडकीचा उजवीकडून दुसरा गज. तिसऱ्या गजाला मिळत नाही, तिसऱ्याला फक्त मुंग्या. तिथं फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिशवीचे कान गजाला बांधायचे आणि पाऊस आला की पिशवीच्या तोंडाला रबर लावायचं. गेल्या वर्षी एका पुतण्यानं गणपतीच्या वरच्या माटवीत, तवसं आणि शहाळ्याच्या मधोमध फोन टांगून पाहिला होता. रेंज आली नाही. काकूची बोलणी मात्र सगळीच्या सगळी आली.

तर बापूकाकांचा फोन गजाला आणि लॅपटॉप माजघरातल्या टेबलावर. मध्ये वीस पावलं आणि एक चिऱ्याची भिंत. लॅपटॉपवर ‘कनेक्टेड’ दिसायचं, दोन मिनिटांनी ‘इंटरनेट नाही’ आणि मग हॉटस्पॉटचं नावच यादीतून नाहीसं व्हायचं. संपादकांना मजकूर संध्याकाळी हवा होता. घरात एकोणीस माणसं होती, त्यामुळे सल्ले एकोणीस मिळाले. बापूकाका म्हणाले, “रेंज नाय.” आमच्याकडे हे निदान हवापाण्यापासून नोकरी जाण्यापर्यंत सगळ्याला चालतं. काकू म्हणाली, फोन तापलाय, घटकाभर फ्रीजमध्ये ठेव. पुण्याच्या आयटीतला पुतण्या मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला, “रिस्टार्ट मार.” परदेशातल्या लोकांना हेच दोन शब्द इंग्रजीत सांगण्याचा त्याला पगार मिळतो.

पण रेंज होती. गजाला टांगलेल्या त्याच फोनवर धाकटा भाचा स्टुलावर चढून कार्टून बघत होता आणि ते एकदाही अडकलं नाही. म्हणजे टॉवर निर्दोष. भानगड या वीस पावलांतली होती, घरातली. हे मी बापूकाकांना सांगितल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. घरातली भानगड म्हटलं की आमच्याकडे आधी वकिलाला विचारतात.

पहिला आरोपी सापडला तो आरतीच्या वेळी. आमची आरती भजनासकट पाऊण तास चालते. मी उठलो की लॅपटॉप पाचव्या मिनिटाला झोपी जातो. तो झोपला की फोनला वाटतं, आपल्याकडे आता कुणी नाही. आणि कुणी नसेल तर दहा मिनिटांत हॉटस्पॉट मिटवून टाकायचा, अशी बहुतेक अँड्रॉइड फोनांना जन्मतः शिकवण असते. मंत्रपुष्पांजली संपवून मी टाळ हातात घेऊनच धावत येतो, तेव्हा फोन दुकान बंद करून बसलेला असतो. पुतण्याचा आयफोन त्याहून लाजाळू. त्याचा हॉटस्पॉटचा पडदा उघडा धरून समोर बसावं लागतं, नाहीतर तो इतरांना दिसायचाच नाही असं ठरवतो.

वाटलं, सगळा दोष फोनचा. मग लॅपटॉपची झडती घेतली. डिव्हाइस मॅनेजर, नेटवर्क ॲडाप्टर, पॉवर मॅनेजमेंट. तिथं एका चौकटीत बरोबरची खूण होती. वीज वाचवण्यासाठी वाय-फायचं कार्ड बंद करायला संगणकाला मुभा आहे, असा तिचा अर्थ. मी ही मुभा कधी दिली? पण या घरात रात्री नऊनंतर पडवीतला दिवा कोण बंद करतं, हेही आजवर कुणी पाहिलेलं नाही. तो बंद असतो, एवढंच. खूण काढली, फोनमधला आपोआप बंद होण्याचा पर्याय काढला. एक यंत्र बॅटरी वाचवतंय, दुसरं वीज वाचवतंय आणि दोघांच्या मध्ये माझा मजकूर उपाशी, असा प्रकार होता. माझ्या घराण्यात वाढलेल्या माणसानं हे आधीच ओळखायला हवं होतं.

मग भिंत. हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर चालत होता. त्याचा वेग मोठा, पण भिंत आली की दम संपतो, आणि आमचा चिरा पणजोबांच्या काळातला, हातभर जाड. २.४ वर आणलं तर वेग उतरतो, पण लहरी भिंतीपलीकडे तग धरतात. अँड्रॉइडमध्ये हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये बँड बदलता येतो. नव्या आयफोनांत त्याच कामाला ‘मॅक्सिमाइझ कम्पॅटिबिलिटी’ असं भारदस्त नाव आहे. बदललं आणि नेट खरंच आलं. तेरा मिनिटं टिकलं.

कारण २.४ वर आधीच सगळं गाव जमलेलं. एकोणीस माणसांचे अकरा हॉटस्पॉट, शिवाय ब्लूटूथचे हेडफोन. या पट्ट्यात एकमेकांच्या अंगावर न येणारे चॅनेल तीनच, एक, सहा आणि अकरा. बाकीचे शेजाऱ्याच्या अंगणात पाय सोडून बसतात. आमच्या आरतीतही ताल तीनच असतात, पुरुषांचा, बायकांचा आणि मुंबईकरांचा, आणि चौथा कुणी मध्ये घुसला की काय होतं ते देव जाणतो. त्यात वहिनीनं उरलेले मोदक मायक्रोवेव्हमध्ये गरम करायला घेतले. मायक्रोवेव्हही २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपासच काम करतो आणि त्याच्या दाराच्या फटीतून थोडं बाहेर सांडतंच. माझी व्हिडिओ मीटिंग आठ मोदकांपुरती गोठली. उकडीचा मोदक मायक्रोवेव्हमध्ये घालणं हे पाप आहे असं आत्या नेहमी म्हणायची. आता तिला शास्त्राधार मिळाला.

पण खरी मेख नावात होती.

बापूकाका आणि अण्णाकाका सख्खे भाऊ. घर एक, चुली दोन, वाटणीचा दावा एक. दोघांनाही आपापल्या हॉटस्पॉटला मराठी नाव हवं होतं. त्यात अभिमानाचा भाग किती आणि कॉन्व्हेंटमधल्या नातवंडांना टोमणा किती, हे सांगता येणार नाही. आता हॉटस्पॉटच्या नावाला जागा असते ३२ बाइट. इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो, देवनागरीला तीन लागतात. आणि यंत्र नुसती अक्षरं मोजत नाही, काना-मात्रा-वेलांट्या वेगळ्या मोजतं, जोडाक्षर फोडून त्यातला हलंतही मोजतं. ‘प्रभुदेसाई’ डोळ्यांना पाच अक्षरांचं दिसतं. यंत्राच्या हिशेबात ती दहा चिन्हं, म्हणजे ३० बाइट. उरले दोन. दोनात पुढं ‘वाडा’ तर सोडाच, ‘व’सुद्धा मावत नाही.

परिणाम असा, की बापूकाकांचा हॉटस्पॉट ‘प्रभुदेसाई’ आणि अण्णाकाकांचाही ‘प्रभुदेसाई’. पासवर्ड वेगळे. बापूकाकांचा जमिनीच्या सर्व्हे नंबरवरून, अण्णाकाकांचा दाव्याच्या नंबरावरून. (निदान आठ अक्षरं लागतात, ती दोघांनाही सहज भरता आली.) लॅपटॉप बिचारा नावावर जातो. त्यानं बापूकाकांचा पासवर्ड लक्षात ठेवलेला, आणि माजघरात अण्णाकाका खिशात फोन घालून फिरकले की जवळचा, जोरकस ‘प्रभुदेसाई’ दिसल्यामुळं तो त्यांच्या दारात जाऊन बापूकाकांची किल्ली लावतो. किल्ली लागत नाही. अण्णाकाका पान लावायला बाहेर गेले की सगळं सुरळीत. दिवसभराच्या माझ्या तक्रारींच्या वेळा आणि अण्णाकाकांच्या पानाच्या वेळा पडताळून पाहिल्या, तंतोतंत जुळल्या.

उपाय सोपा होता. एका नावापुढं आकडा लावायचा. मराठी आकडाही तीनच बाइट खातो, तेव्हा तोही बाद. इंग्रजी आकडा मावतो. म्हणजे एकाला एक आणि दुसऱ्याला दोन.

“दोन कोण?” बापूकाकांनी विचारलं.

अण्णाकाका आत होते. त्यांनी आतूनच ऐकलं.

“मोठो मी,” बापूकाका म्हणाले. “आडनाव माझा. तेका काय तो आकडो लाव.”

“दोन नंबरचो धंदो तुझो,” आतून उत्तर आलं.

पुढचा अर्धा तास देवासमोर जे झालं, ते इथं देता येणार नाही. लॅपटॉपमध्ये ‘फर्गेट नेटवर्क’ असं बटण असतं, ते दाबलं की तो जुनं सगळं विसरतो आणि नव्यानं हातमिळवणी करतो. हे मी दोघांनाही दाखवलं. दोघांनीही ते कुतूहलानं पाहिलं.

शेवटी मला काकूचा फोन आठवला. या घरात काकूला नावं ठेवणारे पुष्कळ, पण तिच्या फोनला कुणी नाव ठेवलेलं नव्हतं. कारखान्यातून निघालेलं इंग्रजी मॉडेलचं नाव तसंच होतं. तिचा फोन गजाला टांगला, लॅपटॉप जोडला. अर्धा तास अखंड नेट. चाळीस मिनिटांनी काकूला मेसेज आला, की आजचा २ जीबी डेटा संपला. माझ्या लॅपटॉपनं ‘चला, वाय-फाय मिळालं’ म्हणून विंडोजचे सगळे साठलेले अपडेट उतरवून घेतले होते. हे कनेक्शन ‘मीटर्ड’ आहे, म्हणजे मोजून मिळणारं आहे, असं त्याला आधी सांगून ठेवायचं असतं. दिवसभर कंजूषपणा करून मला छळणाऱ्या यंत्रानं काकूच्या ताटात मात्र दोन्ही हातांनी जेवून घेतलं. उरलेला दिवस वेग ६४ केबीपीएस. या वेगानं एक एमबी जायला दोन मिनिटं लागतात. काकूला बहिणीला गणपतीचा फोटो पाठवायचा होता. ती काही म्हणाली नाही. रात्री मला मोदक दोनच आले.

राहिली वायर. फोन आणि लॅपटॉप केबलनं जोडून यूएसबी टिदरिंग सुरू केलं की भिंत, बँड, आडनाव, पान, सगळी कटकट मिटते आणि फोनही चार्ज होतो. हे मी सकाळी का केलं नाही, असं तुम्ही विचाराल. सकाळी सुचलं नाही. बापूकाकांनी त्यांची केबल दिली, रत्नागिरीच्या पुढं गाडीत विकायला आलेल्या मुलाकडून पन्नास रुपयांत दोन घेतलेल्यांपैकी. लावली. फोनवर विजेचं चिन्ह आलं. लॅपटॉपला फोन दिसेना. केबलचं तोंड उलटंसुलटं केलं, दुसरं भोक पाहिलं, शर्टाला पुसलं. पुतण्यानं ती हातात घेऊन बोटांत चिमटली आणि म्हणाला, हिच्यात डेटाच्या तारा नाहीतच. नुसत्या विजेच्या दोन. म्हणून स्वस्त.

“चार्ज होता मां?” बापूकाका म्हणाले. “मगे बरी आसा केबल.”

हा मजकूर मी दुसऱ्या गजापाशी उभं राहून, बापूकाकांच्या फोनवर अंगठ्यानं लिहितो आहे. पिशवीवर पावसाचे थेंब आहेत, त्यामुळे मधूनच एखादं अक्षर आपलं आपण उमटतं. संपादकांनी सांभाळून घ्यावं. मागं आरामखुर्चीतून बापूकाका दर पाच मिनिटांनी विचारताहेत, “मगे ता लॅपटॉप कित्याक हाडलंस?”