गिरणीच्या वर

वाळूजच्या बजाजनगरात खोली घेऊन राहणाऱ्या पोराला पत्ता विचारला तर तो इमारतीचं नाव सांगत नाही. "गिरणीच्या वर," म्हणतो. नाहीतर "झेरॉक्सच्या वर." फारच खोलात शिरलात तर "चिकनवाल्याच्या बाजूनं जिना आहे, दुसरा मजला." इमारतीला नाव असतं. मालकानं ते संगमरवरी पाटीवर मातोश्रींच्या आशीर्वादासकट कोरून घेतलेलं असतं, पण मालक आणि वीजबिल सोडून तिसऱ्या कुणाला ते ठाऊक असेल तर शपथ. गिरणी बंद पडून तिथं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आलं तरी पुढची दोनचार वर्षं पोरं गिरणीच्या वरच राहतात.

ही पोरं कोण, हेही सांगायला हवं. 1985 मध्ये बजाज ऑटोचा कारखाना वाळूजला आला, मागोमाग सुटे भाग बनवणारे आले, आणि त्यांच्यामागे जालना, बीड, परभणी, हिंगोलीकडची पोरं. पुण्यातल्यासारखा निव्वळ विद्यार्थी इकडं कमीच. इथला विद्यार्थी निम्मा कामगार असतो. आयटीआय करून शिकाऊ उमेदवारी करणारा, डिप्लोमाचे राहिलेले दोन विषय थर्ड शिफ्टवरून आल्यावर सोडवणारा, मुक्त विद्यापीठातून बी.ए. करता करता पहाटे पोलीस भरतीसाठी पळणारा. कायद्याच्या पुस्तकात तो 'शिकाऊ उमेदवार' आहे. घरमालकाच्या लेखी तो 'बॅचलर', आणि तो शब्द मालक जरा नाक मुरडूनच उच्चारतो.

त्याच्यासाठी जी इमारत उभी राहते तिचं वास्तुशास्त्र सरळ आहे. प्लॉट लहान, कर्ज मोठं. म्हणून खाली शटरचे गाळे, वर ओळीनं खोल्या, कडेला एकच माणूस मावेल असा जिना. जिन्यात समोरून पाण्याचा जार खांद्यावर घेऊन कुणी आलं की एकानं मागं वळायचं, एवढाच वाहतुकीचा नियम. पुढची बाजू, म्हणजे 'एलिव्हेशन', हा मात्र मालकाच्या इभ्रतीचा मामला असतो. तिथं जांभळी-केशरी पट्टी येते, गोल खिडकी येते. गच्चीवर पिलरच्या सळया आकाशाकडं तोंड करून उघड्या ठेवलेल्या असतात, पुढच्या मजल्यासाठी. तो मजला कर्ज फिटल्यावर होतो, किंवा मुलाच्या लग्नाआधी होतो, किंवा सळया गंजत राहतात आणि पोरं त्यांना दोरी बांधून बनियन वाळवतात.

खाली दुकान आणि वर बिऱ्हाड ही काही बजाजनगरची युक्ती नव्हे. इथून दहापंधरा किलोमीटरवर जुन्या शहरात, गुलमंडीवर जा, तेच दिसेल. फार लांब जायचं तर प्राचीन रोममध्ये 'इन्सुला' नावाच्या भाड्याच्या इमारती होत्या. तळाशी रस्त्याकडं उघडणारी दुकानं, वर भाडेकरू, आणि जसजसं वर जावं तसा भाडेकरू गरीब. ओस्तियाला त्यांचे अवशेष अजून उभे आहेत. बजाजनगरातही सगळ्यात वरची, पत्र्याची खोली सगळ्यात स्वस्त असते. मे महिन्यात तिथं दुपारी झोपून दाखवावं, मग ती स्वस्त का ते कळतं.

पण नकाशात न दाखवलेली एक सोय या गाळ्यांमध्ये असते, आणि माझ्या मते सगळी इमारत तिच्यावर चालते. ती म्हणजे किराणा दुकानातला किल्ल्यांचा खिळा. एका खोलीत चौघं, चौघांच्या शिफ्टा वेगळ्या, किल्ली एक. फर्स्ट शिफ्टवाला जाताना किल्ली काकांकडं टाकतो, थर्डवाला येऊन उचलतो. काका मान वर न करता सांगतात, "तुझ्या बापाचा फोन होता. लाव त्यांना आधी." न्यूयॉर्कच्या ग्रिनिच व्हिलेजमध्ये राहणाऱ्या जेन जेकब्स या बाईंनी 1961 मध्ये शहरांवर एक गाजलेलं पुस्तक लिहिलं. त्यात त्यांच्या गल्लीतला खाद्यपदार्थांचा दुकानदार लोकांच्या किल्ल्या कशा सांभाळतो, हे मोठ्या जिव्हाळ्यानं आलंय. रस्त्यावर दुकानदाराची नजर असली की रस्ता आपोआप सुरक्षित राहतो, असं बाईंचं म्हणणं. आमच्या काकांनी ते पुस्तक वाचलेलं नाही. त्यांची नजर मात्र पक्की आहे, विशेषतः उधारीवाल्यावर.

आता गाळ्यांशिवायच्या इमारतींची नवी तऱ्हा आली आहे. अख्खा तळमजला पार्किंगला. ते क्षेत्र एफएसआयमध्ये, म्हणजे मंजूर चटईक्षेत्रात, धरत नाहीत, त्यामुळे बिल्डरचं गणितही जुळतं. दिवसभर तिथं सावली, एक कुत्रं आणि चेन नसलेली एक सायकल. दुसरी तऱ्हा काचेची. मालकानं शहरात जालना रोडवर शोरूम पाहिलेले असतात, म्हणून तो रस्त्याकडं उंचच उंच काचा लावतो आणि ब्रँडची वाट पाहतो. ब्रँड काही येत नाही. काचेवर 'भाड्याने देणे आहे' ऊन खात राहतं. वर पस्तीस पोरं राहतात, त्यांना हवे असतात सकाळी पोहे, रात्री डबा, केस कापायला खुर्ची आणि दुचाकीचं पंक्चर काढणारा माणूस. यातल्या एकालाही काच नको असते.

शेवटी असाच एक काचेचा गाळा मेसवाल्या मावशींनी बघायला घेतला, त्याची गोष्ट सांगतो. मालक उत्साहानं फॉल्स सीलिंग दाखवू लागला. मावशींनी वर बघितलंच नाही. "सांडपाणी कुठं जातं? सिलिंडर कुठं ठेवू? आन् पोरांनी हात कुठं धुवायचे?" मालकानं आर्किटेक्टला फोन लावला. पलीकडून बराच वेळ प्लंबिंगच्या शाफ्टबद्दल बोलणं झालं, त्यातून हात धुवायची जागा काही निघाली नाही. मावशींनी भाडं पाडून घेतलं, दोन महिन्यांचं डिपॉझिट दिलं, आणि आठवडाभरात दारापुढं नळ बसवलेला निळा ड्रम, खाली चार फरश्या आणि चपला काढायला पोतं. आराखड्यात त्या जागी 'लँडस्केप' लिहिलेलं आहे. काचेवर मावशींनी आतून वर्तमानपत्रं चिकटवलीत, जेवणाऱ्यांच्या पाठीला ऊन लागतं म्हणून. आणि वरची पोरं विचारलं की सांगतात, "मावशीच्या वर."