भागिले पाच हजार

दिवाळी जवळ आली की आमच्या घरी दोन कामं सुरू होतात: लाडू वळणं आणि पार्सल तोलणं. पहिलं हिचं, दुसरं माझं. लाडवांचं कौतुक सगळे करतात, ग्रॅमचं करणारा अजून जन्माला यायचाय.

भाची टोरांटोला असते. कुरिअरवाला अर्ध्या-अर्ध्या किलोच्या टप्प्याने पैसे लावतो. साडेचार किलोवर दहा ग्रॅम गेले की पाच किलोचा दर. म्हणून घरीच तोलून निघणं हा शहाणपणा, असं मी म्हणतो. ही त्याला दुसरा शब्द वापरते.

स्वयंपाकघरातला इलेक्ट्रॉनिक काटा ग्रॅमपर्यंत सांगतो, पण खोकं ठेवलं की आकडाच झाकला जातो. त्यावर उपडं पातेलं ठेवावं, टेअर दाबून शून्य करावं आणि पातेल्यावर खोकं ठेवावं. खोकं त्या काट्याला झेपेनासं झालं, तर बाथरूममधला काटा. आधी खोकं घेऊन उभं राहायचं, मग नुसतं, आणि वजाबाकी. आमचा हा काटा शंभर-शंभर ग्रॅमच्या ढांगा टाकतो, त्यामुळे आपल्याला बुडवणारे दहा ग्रॅम त्याला दिसतच नाहीत. शिवाय ‘नुसतं’ वजन सगळ्या घराला ऐकू जातं. यंदा तो आकडा ऐकल्यापासून मला लाडू मोजून मिळताहेत.

काटा खरा आहे की नाही, हे पाण्याने तपासता येतं. रिकामं भांडं ठेवून शून्य करा, लिटरभर पाणी ओता, आकडा हजाराच्या आसपास यायला हवा. दूध वापरू नका, ते पाण्याहून साधारण तीन टक्के जड असतं. आमच्या गवळ्याचं चालेल. रद्दीवाल्याचा काटा मिळाला तर सोन्याहून पिवळं, त्यावर टोरांटो निम्म्या पैशांत येईल.

एवढं करून खोकं चिकटपट्टीने बंद करावं, तर सासूबाई मेतकुटाची पुडी घेऊन येतात. ‘एवढीशीच आहे हो.’ एवढीशी म्हणजे पाव किलो.

पण खरी मेख चिवड्यात आहे. कुरिअरवाले खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणतात, 5000 ने भागतात आणि हे ‘व्हॉल्यूमेट्रिक’ वजन खऱ्या वजनाहून जास्त भरलं की त्याचेच पैसे घेतात. 40 गुणिले 30 गुणिले 30 म्हणजे 36,000, भागिले 5000 म्हणजे 7.2, आणि टप्प्याने साडेसात किलो. आत चिवडा-चकल्या मिळून चारच किलो! पुण्याची हवा उत्तम आहे, मान्य, पण ती विमानाने टोरांटोला पाठवण्याची ऐपत आमची नाही. तोच माल 35 गुणिले 25 गुणिले 25 च्या खोक्यात कोंबला की हिशेब 4.375 वर येतो, म्हणजे साडेचार. पोह्यांचा थोडा चुरा होतो. भाचीने तो चमच्याने खावा.

टपालाने पाठवायचं तर कस्टमच्या फॉर्मवर जिन्नसवार वजन लिहावं लागतं. ‘अनारसे 200 ग्रॅम’ लिहिल्यावर त्यातला एक तोंडात टाकायची सोय उरत नाही.

तेव्हा आधी मोजपट्टी घ्या, मग काटा. आणि दुकानातला आकडा तुमच्या आकड्याहून वेगळा आला, तर त्या काट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का आहे का, तेवढं बघा. असला तर वाद घालू नका. आपल्या पातेल्यावर तो नसतो.